पहिला चीक

डोणगाव, फाल्गुन, १९६३. दिवेलागण.

सकाळी शारदाताईला मुलगी झाली. मी मामा झालो! दिवसभर जमिनीवर पाय नाहीत.

दुपारी माय ताईला सांगत होती, "पयला चीक पिळून फेक, पोरीले बाधते. दूध येईतोवर गुळाचं पाणी चालते." परसात जाऊन मी उगाच मधपेटी उघडली. पोळ्याच्या घराघरांत इवल्या अळ्या पांढऱ्या दुधात निजलेल्या. तरुण माश्या अंगातलं दूध काढून त्यांना भरवत होत्या. त्याच दुधानं अळीला रोगाशी झुंजायचं बळ येत असेल का? हे बाधेल, असं त्यांना कोण सांगतं? बघता बघता जणू मीच त्या पांढऱ्या दुधात तरंगू लागलो.

घरात येऊन म्हणालो, "माय, वासराले त आपण चीक पाजतो. मंग पोरीलेच काऊन नाही?"

माय बाळंतिणीच्या खोलीत गेली. "घे तिले पदराखाली," असं ती ताईला म्हणाल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळानं पोरीचं रडणं थांबलं.

माय बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमच्या आधी दोघं झाले होते. त्यायले मी गुळाचं पाणीच पाजलं रे."