आबांचा घास

चि. हिंदुरावास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

आमची सहलीची बोट आज नॉर्वेच्या एका छोट्या बंदरात थांबलीया. मी खुशाल हाय. तुझी शुगर कशी हाय?

आज आबांचं श्राद्ध, म्हणून कावळ्यासाठी धक्क्यावर दहीभात ठेवला. पण समुद्राची दांडगी पांढरी पाखरं तुटून पडली. एकमेकांची डोकी फोडता फोडता त्यांनी माझं बोटही फाडलं. भात रक्तानं लाल झाला, तरी खातच होती. सूनबाईनं पट्टी बांधलीया, काळजी नको.

तेव्हा मला लहानपणीचा तू दिसलास. भिंतीशी दबलेला, वर आबांचा चाबूक, अन् मी दाराआड गप्प. "बापाला घास ठेव की रे," म्हणून दरवर्षी तुझ्यामागं लागायची. आता न्हाय लागणार.

तुझी आक्का