दगडूचं शेवटचं पान

माजिवडा, ठाणे
७ फेब्रुवारी १९९६

चि. सगुणा,

आशीर्वाद. तुझ्या बाबांचा गुडघा बरा आहे. दौलत लहानपणापासून गुडघ्यापेक्षा जास्त स्वतःच कुरकुरतो.

आता तक्रार. काल, ६ फेब्रुवारीला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तुझ्या चित्रांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एका आठ वर्षांच्या मुलीवर अन्याय झालेला मी पाहिला. तारीख-वेळ आधी लिहावी, ही कॉन्व्हेंटची शिस्त.

दगडू छान काढलायस. तीच वाकडी मान, तोच उर्मट डोळा. बदक कसलं, फौजदार होता मेला! पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्रं भिरकावायचा. तुलाही महिनाभर चावला. मग तू मागच्या पायरीवर बसून त्याला तेराचा पाढा म्हणून दाखवायला लागलीस आणि तो तुझ्या पायाशी येऊन बसायला लागला.

"आत्या, तो चावत नाही गं, तो विचारतो."

"काय विचारतो? माझ्या पोटरीचा भाव?"

हे सगळं पुस्तकात आहे. उत्तम. पण शेवटी ती मुलगी रिकाम्या खुराड्यापाशी बसलीय आणि खाली ओळ आहे : 'मी रागाने जा म्हणाले, म्हणून तो गेला.'

साफ खोटं! पंख कातरलेलं बदक बंद फाटकातून जाईल कसं? पंधरा वर्षांत एवढा साधा प्रश्न तुला पडू नये? असं तुला सांगितलं कोणी?

मी सांगितलं.

१२ मे १९८१, सकाळी सहा. तू झोपली होतीस. त्याला टोपलीत घातलं, वर माझी जुनी साडी बांधली, रिक्षाने शीळफाट्याला नेलं. तिथे तळ्यापाशी गोदूबाई बदकं पाळायची, तिला दिला. तिने ठेवला की कापला, मी विचारलं नाही. वाटभर तो टोपलीतून एकदाही चावला नाही.

पोटरीचं निमित्त होतं. त्याच्याआधी पाढे तू मला म्हणून दाखवायचीस.

तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ काढायची. तिथे टोपली घेऊन निघालेली बाई काढ, चष्म्यासकट, शेजारीपाजारी ओळखतील अशी. मुलीला झोपू दे. तिचा काही दोष नाही.

२९ फेब्रुवारीच्या आत लेखी उत्तर हवं. डोंबिवलीहून फोन करू नकोस. फोनवर तू मला लगेच माफ करून टाकशील.

तुझी,
सरस्वतीआत्या