भुंकू नये, याचं प्रात्यक्षिक

३ जून, सकाळ
घर मिळाल्यात जमा. एजंटने फोनवर कन्फर्म केलं. मालकीणबाईंची कुत्र्यांना हरकत नाही, फक्त रविवारी आमच्याकडे येऊन त्यांना बघणार. भुंकणं आणि दारं ओरबाडणं, एवढीच धास्ती. हे घर महिनाअखेर सोडायचंय. नाही जमलं तर बायको थोरला आणि धाकटी, दोन्ही कुत्र्यांना घेऊन माहेरी जाणार. माझा उल्लेख केला नाही. मी गृहीत असणार.

संध्याकाळ
संकल्प : रविवारपर्यंत दोघं मुकी. कुत्र्याला नुसतं ‘नको’ कळत नाही. काय नको, ते करून दाखवावं लागतं. (स्वतःचा शोध.)

४ जून
ट्रेनिंग सुरू. बायकोने बाहेरून बेल वाजवायची, मी भुंकायचं, मग मीच मला दरडावायचं. दोघं सोफ्याखालून बघत होती. एकाग्रता उत्तम.
बायको म्हणाली, “अरे, ती मुळात भुंकतच नाहीत.”
वरवरचं निरीक्षण.

५ जून
आज ओरबाडण्याचं प्रात्यक्षिक. दाराला चरे पडले. किरकोळ. पॉलिश मारू. थोरल्याने जांभई दिली, म्हणजे विषय समजला.
खालचे मास्तर वर आले. म्हणाले, “कुत्र्याला डॉक्टरकडे न्या हो. आवाज फार घोगरा लागलाय.”
सुधारतोय म्हणालो.

६ जून
घसा बसला. सुट्टी. पॉलिशचं राहिलं.

७ जून, दुपार
मालकीणबाई आल्या. बेल वाजली. दोघं शहाण्यासारखी दाराशी जाऊन बसली. मी भुंकलो. केवळ सवयीने.
बाईंनी कुत्र्यांकडे पाहिलं. कुत्र्यांनी माझ्याकडे.
“हे कधीपासून?” बाईंनी विचारलं.
“गुरुवारपासून,” बायको म्हणाली.
“आणि दार?”
“तेही यानेच.”
बाईंनी धाकटीला कुरवाळलं. माझ्यापासून जरा लांबूनच गेल्या. एकंदरीत छाप चांगली पडली.

संध्याकाळ
एजंटचा फोन. बायकोला. कुत्री पसंत, बायकोही पसंत. माझ्याबद्दल बाईंना थोडा विचार करायचाय. बुधवारी पुन्हा येणार, या वेळी फक्त मला बघायला.
बायको म्हणाली, “बेल वाजली की गप बसून राहायचं. तेवढं जमव.”
जमेल. बुधवारपर्यंत वेळ आहे. कसं बसायचं, ते उद्यापासून थोरला करून दाखवणार आहे.