मुदत अजून आहे

३ मार्च
आजपासून डाव्या हाताने रोजनिशी. उजव्याची तीन बोटं मिटत नाहीत. गेल्या वर्षी, मी शिवलेली पँट कमरेत दाटली म्हणून गॅरेजवाल्या पैलवानाने माझीच कात्री माझ्या तळव्यात खुपसली आणि फिरवली. कटिंग टेबलावर रक्ताचं थारोळं. मी ओरडलो नाही. शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, चौकापर्यंत ऐकू आलं.
सरकारी भरपाईचा निकाल आज आला. नामंजूर. भांडण मीच उकरलं म्हणे. भरपाई मिळाली तर ऑपरेशन, बोटं, पुन्हा मशीन. अपील ठोकणार. उद्याच.

१९ मार्च
मेव्हणा कोर्टात कारकून. म्हणाला, कायदा बदललाय, अपिलाला आता वर्ष नाही, साठच दिवस. मी त्याला समजावलं की कात्री घुसली तेव्हा जुना कायदा होता, म्हणजे मुदतही जुनीच. तो म्हणाला, मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, जखमेच्या नाही. कारकुनाची अक्कल ती केवढी.

६ एप्रिल, सकाळी ९
निघालो. अपिलाचं ऑफिस गॅरेजच्या पुढे. पैलवान जामिनावर. पान्याने एका गिऱ्हाइकाचं तोंड फोडत होता. दात उडून माझ्या पायाशी पडला.
चप्पल चावत होती. परत आलो.

२२ एप्रिल
ढगाळ. गेलो नाही. मनातल्या मनात पैलवानाला दोनदा उभा चिरला. बायको म्हणाली, मागच्या रस्त्याने जाऊ. मी काय चोर आहे?
डाव्या हाताने सुईत दोरा ओवत तासभर बसलो. मग रडलो. डोळे आले असावेत.

९ मे
बायकोने ओढत नेलं. मागच्या रस्त्याने. सात दिवस उशीर झालाय. मेव्हण्याचं खरं निघालं, योगायोग. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. बायकोने फॉर्मवर लिहिलं, हल्लेखोराच्या दहशतीमुळे घराबाहेर पडता आलं नाही. मॅडम हळहळल्या. मला विचारलं, खरं ना? हॉलमध्ये वीसेक माणसं. मी छातीठोकपणे सांगितलं, मी कुणाच्या बापाला भीत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. बायकोने कपाळाला हात लावला.

३० मे
अपील फेटाळलं. ‘अर्जदारास भीती नव्हती, असे त्यांनी स्वतःच सांगितले.’ सरकारी शिक्क्यासकट. फ्रेम करणार.
दुपारी दारावर थाप पडली. मशीन विकत घेणारा आला होता, घेऊनही गेला. हे बायकोने नंतर सांगितलं. मी कॉटखाली होतो.