चौऱ्याऐंशी नंबरचा गडी

७ ऑक्टोबर, उमापूर
पहिल्याच आठवड्यात शेण खाल्लं! पुण्याच्या स्वप्नाली मॅडमनी माझे सगळे मार्क परत पाठवले. घरबसल्या काम — अमेरिकेतल्या फुटबॉलचे तुकडे बघायचे अन् 'टाइट एंड'ला मार्क द्यायचे. हा गडी पळत जाऊन चेंडू झेलतो, त्या झेलण्याचंच नाव होतं. पण चेंडू दुसऱ्याकडं असला की ह्यानं अंगावर येणाऱ्याला थोपवायचं. मार्क त्या थोपवण्याला! मी काय केलं? समोरचा चीत झाला तरच मार्क. नारायणगडच्या यात्रेत वडलांच्या, अण्णांच्या कुस्त्या बघत वाढलेली पोर मी. पाठ टेकली न्हाई तर निकाल कसला?

मॅडम म्हणाल्या, "तेजश्री, पाडायचं नाहीये गं. त्याच्यामागून आपला माणूस निघून गेला का, तेवढं बघ."

महिनाअखेर पक्की करणार, न्हाईतर नारळ. नारळ मिळाला तर अभीसंगं ऊसतोडीला. एका कोयत्याला दोघं लागतात — नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून वाहणार. अभीनं मुकादमाला शब्द दिलाय.

९ ऑक्टोबर
सासूबाई, म्हणजे आत्या, दारात शेंगा फोडत बसलेल्या. "धडकत्यात ती माणसं, अन् पगार तुला?" बरोबरच हाय की!

१४ ऑक्टोबर
आज चौऱ्याऐंशी नंबरचा गडी बघितला. बाप रे! झेलायला लई भारी, म्हणून थोपवणं ह्याला जमत न्हाई असं समालोचनात जो तो म्हणतो. मीही आधी शून्यच दिला. मग आवाज बंद करून परत बघितलं, नुसते पाय. समोर रेड्याएवढा माणूस. हा पडत न्हाई, पाडत न्हाई. गुडघे वाकवून अडून राहतो फक्त. वीतभर मागं सरकतो... अन् तेवढ्यात मागून आपला गडी सुसाट! सगळे त्या पळणाऱ्याला मिठ्या मारतात. हा बाजूला बसून बुटाची नाडी बांधतो.

कुणी बघत नसताना एवढं करतं माणूस? पैकीच्या पैकी दिले. मॅडमना पटो न पटो!

२२ ऑक्टोबर, पाडवा
चुलत सासरे आप्पाराव आलते. "काय बे अभिमन्यू, बायकोला खोलीतच ठिवणार का? जोडी न्हाई तर कोयता न्हाई!" अभी कोयता घासत बसला. आत्या म्हणाल्या, "चहा निवतोय, भावजी." बास, एवढंच! माझ्या बाजूनं एक शब्द न्हाई. लई रडले. आत्यांना शून्य.

३० ऑक्टोबर
निकाल न्हाई. उद्या पहाटे ऊसतोडीची गाडी. गाठोडं बांधलं.

३१ ऑक्टोबर
उठले तर गाठोडं सुटलेलं, माझे कपडे परत फळीवर. बाहेर गाडी चालू! अभीच्या शेजारी आत्या, डोक्याला फडकं बांधून. मी पळतच गेले. "आत्या, तुमचे गुडघे—"

"शेजारची बायनाबाई येईल तुझ्या सोबतीला झोपायला. जा घरात."

दुपारी मॅडमचा फोन. पक्की झाले! चौऱ्याऐंशीचे मार्कही तसेच ठेवलेत. आत्यांना फोन लावला, "मी येते, तुमी माघारी फिरा." गाडीच्या आवाजात त्या ओरडल्या, "कावून? काम कर तुझं. जेवलीस का?"