पवईच्या टेबलावरच्या दोन पाकळ्या

११ जानेवारी, रविवार

टेबल मोकळं झालं! श्रुतिकानं आल्या आल्या सगळं उचललं – औषधांचे डबे, लाइटची बिलं, लोणच्याची बरणी, इस्त्रीचे कपडे. "आई, हे जेवायचं टेबल आहे की माळा?" खालचं लाकूड इतकं चांगलं आहे हे मीच विसरले होते. आमचे हे गेल्यापासून मी सोफ्यावर जेवते, ताट मांडीवर, समोर टीव्ही. टेबलाला कोण विचारतंय!

मधोमध तिनं तिचं फूल ठेवलं. चिनीमातीचं, पांढरं, वाटीएवढं, पाच पाकळ्यांचं. पवईच्या तिच्या ऑफिसात वर्षभर हेच चाललंय. एक फूल माझ्याकडे, एक तिच्या घरी. खुर्च्यांच्या गाद्यांखाली पातळ पट्ट्या घातल्यात – तिच्याही, माझ्याही. तिकडे जितकी माणसं जेवायला बसतील तितक्या पाकळ्या इकडे उजळतात. मी बसले की तिकडे एक. शिवाय फुलाच्या पोटात अत्तराची कुपी. माणूस बसलं की हळूच वास सोडते.

"लोक साधी फुलदाणी ठेवतात गं," मी म्हटलं.

"ही फुलदाणी सोबत करते," म्हणाली.

रात्री साडेआठला बसले. दोन पाकळ्या लागल्या! श्रुतिका आणि जावईबापू प्रीतम. कांजूर ते पवई रिक्षानं किती ते अंतर, पण महिना महिना भेट होत नाही. आज तिघं एका पंगतीला बसल्यासारखं वाटलं. टीव्ही लावलाच नाही.

१३ जानेवारी

वाळ्याचा वास. माठातल्या पाण्यासारखा. छान!

१७ जानेवारी

फूल बिघडलं म्हणून श्रुतिकाला फोन केला. बांगड्याचं तिखलं, आमचा झणझणीत रस्सा, टेबलावर आणून ठेवलं आणि वास एकदम बंद! ती हसायला लागली. "बिघडलं नाही गं. गरम वाफ लागली की ते थांबतं. मी मुद्दाम तसं केलंय. जेवण आलं की आपण गप्प बसायचं. टेबलावर मोठा वास अन्नाचाच."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या फुलाकडे बघत बसले. माझं चेडू! लहानपणी ही पोर ताटावर बसून रडायची, मासे नकोत म्हणून. आणि आता अन्नाचा असा मान राखते. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही.

२४ जानेवारी

आयडा आली होती. गावठाणातलं तिचं घर आमच्या गच्चीवरून दिसतं. तीस वर्षांची मैत्रीण, तोंडानं फटकळ. फुलाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या तिनं. खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. "चर्चमध्ये फादर धूप फिरवतात ना, तसंच झालं हे. फक्त इथे जेवायला पण मिळतं!"

जाताना म्हणाली, "प्रेमा, लाकडावर ते प्लास्टिक काय अंथरलंयस यार? वाट लावलीस टेबलाची." संध्याकाळी स्वतः विणलेली पांढरी लेस आणून अंथरून गेली. आता काय, बघतच राहावं! मी तर हल्ली ताटसुद्धा स्टीलचं घेत नाही, लग्नातल्या काचेच्या प्लेटी काढल्यात. एकटीसाठी. कुणाला सांगू नये, पण जेवायच्या आधी केस नीट करते.

२ फेब्रुवारी

आज एकच पाकळी. प्रीतम टूरवर असेल.

५ फेब्रुवारी

एकच.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारीसुद्धा एकच. विचारलं तर ती चिडते, न विचारावं तर मी पाकळ्याच मोजत बसते. आयडा म्हणते, "विचार ना! तोंड कशाला दिलंय देवानं?"

विचारलं. "त्याची शिफ्ट बदललीय, आई." एवढंच. मग लगेच दुसरा विषय – मरोळला नवीन हॉटेल होतंय, तिथल्या बाईंना फूल दाखवायचंय, महिनाअखेरीला. त्यांनी घेतलं तर प्रत्येक टेबलावर हे फूल. आवाज भरभर, उसना आणल्यासारखा.

११ फेब्रुवारी

दोन पाकळ्या! देवा, सुटले. साखर घालून शिरा केला आणि दोनदा खाल्ला.

१४ फेब्रुवारी

रोज दोन. नवीन कुपी पाठवलीय तिनं, सुरंगीची. आमच्या वेंगुर्ल्याकडे या दिवसांत सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, बाजारात येतात, अख्खी एसटी घमघमते. ती एसटी या वाटीत कशी काय बसवली हिनं? डोळे मिटून बसले होते. आमटी येईपर्यंतच, मग फूल आपलं शहाण्यासारखं गप्प.

एक गंमत. दुपारी चहाला टेबलाशी बसले तेव्हाही एक पाकळी जळत होती. श्रुतिका तर ऑफिसात. प्रीतमला सुट्टी असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहू की नको असं झालंय. पण लिहिते.

सुंगटं मिळाली मोठी, ताजी कोळंबी. म्हटलं दोघांना करून न्यावीत, न कळवता, मजा! जेवणाच्या वेळी पवईला पोचले. श्रुतिकानं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई, तू? आत्ता?"

टेबल काय सजवलं होतं! करड्या रंगाचं सुती कापड, काठाकाठानं कढीपत्त्याच्या डहाळ्या, दिवा असा की उजेड फक्त ताटावर, डोळ्यांवर नाही. मधे फूल. आणि ताट एकच. दुसऱ्या खुर्चीवर तांदळाची पिशवी. दहा किलोची. नीट उभी, पाठीला टेकून.

मी पिशवीकडे बघितलं. तिनंही बघितलं. मग मी पिशवी उचलून खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर बसले.

"तुला एक पाकळी दिसली की तू विचारणार," म्हणाली. "काय सांगणार होते?"

"कधी गेला?"

"जानेवारी संपता संपता. भांडण नाही झालं गं. भांडण झालं असतं तर बरं. आम्ही दोघं इथे बसायचो, तो त्याच्या फोनमध्ये, मी माझ्या लॅपटॉपमध्ये. एवढं सुंदर टेबल आणि बोलायला काही नाही. एक दिवस मीच म्हटलं, असं जेवायचं असेल तर नको जेवूया एकत्र. तो उठला. अंधेरीला मित्राकडे राहतोय."

मला वाटलं होतं मी रडेन. पण ती रडायला लागली, मग मला कसं रडता येणार! सुंगटं गरम केली. वाफ आली, फूल थांबलं. ती दोन घास जास्तच जेवली.

२२ फेब्रुवारी

सकाळी मी निघताना श्रुतिका म्हणाली, "हॉटेलचं मी रद्द करते. माझ्या स्वतःच्या टेबलावर दोन माणसं टिकली नाहीत, आणि मी लोकांना काय विकणार? शिवाय हे फूल चहाड्या करतं."

मी म्हटलं, "त्यानं दोन पाकळ्या दाखवल्या म्हणूनच दोघांची सुंगटं घेऊन मी इथे आले. आणि गं, माझ्याकडे बघ. वर्षभर मांडीवर ताट घेऊन जेवले. आता मला टेबलावर बसावंसं वाटतं. ते तू केलंस. जावई राहिला न राहिला, ते खोटं होतं का?"

ती लिफ्टपर्यंत सोडायला आली. "तुझ्या घरची पाकळ्यांची मोजणी बंद करू का?"

"नको. फक्त पुन्हा तांदूळ बसवू नकोस."

२३ फेब्रुवारी

एक पाकळी. खरी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

गेलो मरोळला! मी आणि आयडा. श्रुतिकानंच बोलावलं – "मोकळ्या खुर्च्यांना फूल दाखवून काय उपयोग? माणसं हवीत."

हॉटेलच्या मालकीणबाई व्हॅलेन्सिया, पन्नाशीच्या, हसणं कमी. लांब टेबल. मेणबत्त्या नाहीत, झेंडू-गुलाबांचे ढीग नाहीत, समोरचा माणूस झाकेल असं काहीच उंच नाही. कापडाच्या पट्टीतूनच मंद उजेड येत होता, प्रत्येकाच्या ताटापुरता. आपण बसलो की आपल्यापुरता उजळायचा. आणि सुरंगी – इतकी हलकी की आधी वाटलं भास. सूप आलं, सुरंगी गेली. ताटं उचलली, तर बडीशेपेसारखा काहीतरी थंड वास, जेवण संपलं म्हणून सांगणारा. आयडा माझ्या कानात, "झकास! माझ्या मयताच्या जेवणाला पण हिलाच बोलाव." मी तिला चिमटा काढला.

श्रुतिका न अडखळता बोलली. पाकळ्यांच्या मोजणीबद्दलही सांगितलं: "घरोघरी हे फूल दिलं तरी ही मोजणी आम्ही आपणहून चालू करणार नाही. दोन्ही घरांनी हो म्हटलं तरच. कुणाबरोबर जेवतो हे सांगायचं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं." घरी बोलली नव्हती असं काही. कधी ठरवलं कोण जाणे.

व्हॅलेन्सियाबाई हात पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे एकटे जेवायला येणारे पुष्कळ असतील. ते खाली मान घालून भराभर खातात आणि पळतात. तुमच्या या उजेडात बसतील जरा." मग श्रुतिकाचा हात हातात घेतला. "घेते मी."

परतताना रिक्षात श्रुतिका मध्ये, आम्ही दोघी बाजूला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, लहानपणी जत्रेहून येताना झोपायची तशी. मला इतका अभिमान वाटत होता की रिक्षावाल्यालाही सांगावंसं वाटलं.

६ मार्च

एक पाकळी. फोनवर मात्र आवाज बरा. कामाचं सांगते. प्रीतमचं ती काढत नाही, मीही नाही.

१२ मार्च

प्रीतम आला होता. एकटाच, न कळवता. दारात उभा राहून म्हणाला, "आई, आत येऊ?" त्याला आत घेतलं आणि पान वाढायला लागले. तो खुर्चीवर बसला आणि मिनिटभरात फोन. श्रुतिका.

"आई, तुझ्याकडे दुसरं कोण बसलंय?"

सांगितलं. मग हळूच म्हणाली, "त्याला तिखट वाढू नकोस. कालपासून पोट बरं नाहीये त्याचं."

आमटी परत पातेल्यात ओतली. दहीभात कालवला. कालपासून!