लंगड्या खेचराची चाल

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पाणी नाही. अख्खी इमारत कोरडी आणि बोल आमच्या दाराशी. टाकी भरली की गच्चीवरचं यंत्र एक चाल वाजवतं, टिंग टिंग टिंग, पोरांच्या खेळण्यासारखी. ती ऐकली की खाली वॉचमन मोटर बंद करतो. आज आमची मुक्ता सकाळीच बाल्कनीत व्हायोलिन घेऊन तीच चाल वाजवत बसली. त्यानं मोटर बंद केली. टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती.
वरची बाई दारात येऊन बोलून गेली. मला तमिळ भाजीपुरतं आणि भांडणापुरतं येतं. हे भाजीचं नव्हतं.
मुक्ताला म्हटलं, टाकीचं गाणं कशाला वाजवतेस गं?
"टाकीचं नाही आजी. अमेरिकेतल्या डोंगरातलं आहे."
मग आमच्या गच्चीवर कसं आलं? तर म्हणे जुनी चाल, तिला मालक नाही, यंत्र करणाऱ्यानं उचलली असेल. मालक नाही म्हणून कुणीही उचलावं. छान. माझी आंघोळ राहिली.

१६ नोव्हें., रवि.
मु. ज्याच्याकडून ती चाल शिकते तो म्हातारा आज फोनवर बघितला. इथं सकाळ, तिथं लोकांचं रात्रीचं जेवण झालेलं. नाव वॉल्टर. मी वाल्टरबुवा म्हणते. ऐंशीच्या घरातला. ओसरीवर खुर्ची टाकून बसतो. व्हायोलिनला फिडल म्हणतो आणि हनुवटीखाली नाही, छातीला टेकवून धरतो, लेकरू धरल्यागत. आमची मु. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून. दोघांचं बसणं बघून कुणी म्हणणार नाही की वाद्य एकच आहे.
त्यानं खुंट्या पिळून तारा लावल्या आणि मु. ओरडलीच. "आजी, सा-प-सा-प! आमच्यासारखंच!" तिच्या व्हायोलिनच्या बाई, जानकी मामी, लावायला शिकवतात तशाच तारा म्हणे. एवढ्यावर पोरगी येडी झाली.
चालीचं नाव लंगडं खेचर. डोंगराच्या पलीकडं तिलाच पाद्र्याची सून म्हणतात. खाली नदीकाठी विधवेचं ताक. मी म्हटलं, विधवेनं ताक केलं तर यांच्या पोटात का दुखावं? मु.नं बुवाला ते इंग्रजीत सांगितलं. खोकला येईस्तोवर हसला.
हसतो चांगला. गर्व नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
मु.ची पहिली कच्चेरी ठरली. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, एका सभेत, दुपारची वेळ. सभा म्हणजे इथं गाण्याचे कार्यक्रम ठेवणारं मंडळ. इथं गाण्याबजावण्याच्या बैठकीला कच्चेरी म्हणतात. आमच्याकडं कचेरीत सातबारा काढायला जातात आणि रडत परत येतात.
शेवटी एखाद-दोन बारक्या गोष्टी वाजवतात, त्याला तुक्कडा म्हणायचं. आपलाच तुकडा. मु.ला तुक्कड्यात लंगडं खेचर वाजवायचंय. आज जानकी मामींना वाजवून दाखवलं. लहानपणापासून त्यांच्याकडंच शिकते. मी सोबत गेले. रिक्षा मिळेना, गुडघा बोलायला लागला.
मामी मांडीवर ताल धरून बसल्या. दुसऱ्या ओळीत त्यांचा हात चुकला. परत वाजव म्हणाल्या. परत चुकला. त्या चालीत एका जागी अर्धी मात्रा जास्त आहे, चालता चालता पाय मुरगळावा तशी. टाकीच्या यंत्रात ते नाही, तिथं खेचर सरळ चालतं. मला वाटलं, आता ओरडतात. तर बाई बोटं मोजून हसल्या. त्यांना हसता येतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.
मग एकदम, "यारोडदु?" कोणाचं हे?
मु. सांगायला लागली, लोकांबरोबर समुद्रापलीकडून आलं वगैरे. मामी म्हणाल्या, "चाल कुठूनही येऊ दे. हा लंगडा पाय कोणी घातला? त्याचं नाव स्टेजवर सांगायचं आणि मग वाजवायचं. नाव नाही, तर तुक्कडा नाही."
येताना मु. म्हणाली, सोपं आहे, बुवाला विचारते.

२१ नोव्हें., शुक्र.
आमची सून चित्रा, तंजावरच्या मराठ्यांतली. शब्द पोथीतले, हेल तमिळ. जगातली प्रत्येक वस्तू तंजावरहून निघाली असं तिच्या माहेरी मानतात. सांबार त्यांचं. तुक्कडा त्यांचा. मला अत्तै म्हणते, म्हणजे सासूबाई. आज म्हणाली, "अत्तै, तें गाणेंही आमच्याकडचेंच असेल. राजांच्या पदरीं बँड होता, गोऱ्यांच्या वाद्यांचा."
म्हटलं, हो, आणि खेचरही तुमच्याच पागेतलं.
मु. मध्ये पडली. म्हणाली, आई अगदीच चुकत नाही. गोऱ्यांच्या एकाच मुलखातून दोन बाजूंना जहाजं निघाली. काही चाली गोऱ्या शिपायांबरोबर मद्रासला आल्या. काही गरिबांबरोबर अमेरिकेच्या डोंगरात गेल्या. बुवाचा पणजोबा बोटीत बसला तेव्हा जवळ फिडल नव्हतं, चाल शिटीवर घेऊन गेला. तिथं गेल्यावर पसरली. लग्नात, मक्याच्या सोलणीला, मग तबकडीवर, रेडिओवर, मग खेळण्यात, मग आमच्या टाकीत.
आणि लंगडी कुठं झाली? मी विचारलं.
"तेच तर, आजी."
चित्रा तेवढ्यात, तंजावरला असेल. आता हिला काय म्हणावं.

२३ नोव्हें., रवि.
विचारलं. मु.नं बुवाला इथं विचारतात तसंच विचारलं, तुमचे गुरू कोण, त्यांचे गुरू कोण. या गावात गाणाऱ्याबजावणाऱ्यांची ओळख झाली की पहिलं तेच. तिकडं कुणी असं विचारत नसावं. बुवाचा चेहरा लाजाळूच्या पानासारखा मिटला.
मु.नं नंतर मला सगळं सांगितलं, म्हणून लिहिते.
चाल कोणाकडून? वडिलांकडून. त्यांना? त्यांच्या वडिलांकडून. तेही असंच लंगडं वाजवायचे? नाही, आजोबा सरळ वाजवायचे. मग वडिलांना लंगडं कोणी शिकवलं?
तर म्हणाला, वाऱ्यातून आलं. डोंगरात अशा गोष्टी वाऱ्यातून येतात.
वाऱ्यातून सर्दी येते.

२६ नोव्हें., बुध. चंपाषष्ठी
वांग्याचं भरीत, रोडगे. इथली वांगी बारकी, भाजून उरतं काय. रोडगे चित्रानं केले, बरे झाले. सांगितलं नाही.
सकाळी बुवानं आपणहून फोन केला. आज खेचर नाही, काही नाही. फिडल मांडीवर आडवं ठेवून बोलत राहिला. मु. मधे मधे मला मराठीत सांगत होती.
वडील लाकडाच्या गिरणीत कामाला होते. तिथं एक काळा माणूस कामाला. तोही फिडल वाजवायचा. रविवारी वडील बुवाला खांद्यावर घेऊन त्याच्या घरी जायचे. वडील आत शिकायचे, हा पायरीवर बसायचा. त्या घरी मक्याची भाकरी मिळायची, वर काकवी. मी थांबवून विचारलं, काकवी? हो म्हणे, काकवीच, पण उसाची नाही, ज्वारीसारख्या ताटाची. चालीतला तो लंगडा पाय या माणसानं घातलेला. वाजवताना तिथं आला की तो डोळे मिचकावायचा.
पुढं वडिलांचं नाव झालं. तबकडी निघाली, तिच्यावर वडिलांचंच नाव. काळ्या माणसाकडून शिकलो म्हणणं गोऱ्यांच्यात चालायचं नाही. मग घरातही त्याचं नाव घ्यायचं नाही असं झालं.
मु.नं विचारलं, काय नाव त्यांचं?
बुवा म्हणाला, आठवत नाही. आणि फोन काळा.
काकवी आठवते. पायरी आठवते. डोळे मिचकावलेले आठवतात. खाल्ल्या घरचं नाव माणूस विसरत नाही. गिळतो.

२८ नोव्हें., शुक्र.
समुद्रात कमी दाबाचा पट्टा की काय, कालपासून धार. कपडे वाळत नाहीत. बुवाचा फोन नाही. मु. ऑफिसचं काम घरून करते आणि दर थोड्या वेळानं तो फोन उलटा-सुलटा करते. मी म्हटलं, भाकरी आहे का ती?
मलाही एका जागी बसवेना. स्वयंपाकघर, बाल्कनी, परत स्वयंपाकघर. गाव असतं तर शेजारी जाऊन बसले असते. इथं शेजारी जायचं तर आधी बेल, मग जाळीचं दार, मग हसायचं.
दुपारी इमारतीच्या असोसिएशनच्या दोन बायका आल्या. चित्राची पोडी हवी, फार छान असते. पोडी म्हणजे माझा कांदालसूण मसाला. मी पुढं होऊन सांगितलं, "नान सेंजदु." मी केलाय. चित्रा लाल झाली. झाली तर झाली. नेऊन दे ना बाई गावभर, पण नाव माझं सांग.
त्या गेल्यावर मु. म्हणाली, "आजी, तुझं आणि त्या गिरणीतल्या माणसाचं सारखंच."
सारखं कसं? मी जिवंत आहे. दारात उभी राहून भांडते. त्याच्या वतीनं कोण भांडणार?

३० नोव्हें., रवि.
रविवार असून बुवा नाही. त्याच्या लेकीचा निरोप आला, डॉना नाव. वडिलांना त्रास होतोय, झोपत नाहीत. जुनं उकरू नका. स्टेजवर सांगा की चाल आमच्या घराण्याची आहे, आमची काही हरकत नाही.
हरकत नाही म्हणे. मोठा उपकार.
वसू, माझा मुलगा, श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात साहेब आहे. परदेशी लोकांशी रोज बोलतो, त्यामुळं सगळ्या जगाचं त्याला कळतं. पोरीला म्हणाला, "सांग ना वॉल्टर फॅमिली. मद्रासात कोण तपासायला बसलंय?"
मी म्हटलं, तपासणार कोण हे बघून खरं बोलायचं असं मी शिकवलं होतं काय रे तुला?
"आई, तू यात पडू नकोस. पहिली कच्चेरी आहे तिची."
"म्हणूनच पडते."
जेवला नाही नीट. मीही वाढलं नाही दुसऱ्यांदा.
मु. दोघांचं ऐकत होती. उठून आत गेली. वाजवायचा आवाज आला नाही.

३ डिसें., बुध.
आज इथल्यांचं कार्तिकै. जिन्यात, दारात पणत्या. चित्रानं लावल्या, छान दिसतं. वारा आहे, सारख्या विझतात, ती सारखी लावते.
चार दिवस मु.नं ते खेचर वाजवलं नाही. बाकी सगळं वाजवते, कृती म्हणतात त्या इथल्या मोठमोठ्या रचना, तासन् तास. ते खेचर कान खात होतं, आता नाही तर घर रिकामं. आमच्यासारख्यांना कसंही बरं वाटत नाही.
मामींना तिनं विचारलं होतं, नाव माहीत नाही असं स्टेजवर सांगितलं तर? मामी म्हणाल्या, "माहीत नाही हे खरं असेल, तर जरूर सांग." झालं. पोरगी तिथंच अडली. माहीत नसतं तर वाजवून टाकलं असतं. पण एक माणूस जिवंत आहे, त्याला माहीत आहे, आणि तो गेला की संपलं. मग खरंच कुणाला माहीत नसेल. तेव्हा सगळे खुशाल म्हणतील वाऱ्यातून आलं.
संध्याकाळी मु.नं फोन समोर ठेवला आणि चालीतली फक्त ती लंगडी जागा वाजवली. मागचं नाही, पुढचं नाही. तेवढीच, परत परत. बुवाला पाठवून दिली. सोबत शब्द एक नाही.
मी म्हटलं, काहीतरी लिही तरी.
"काय लिहू?"
मी पणत्यांना तेल घालायला गेले.

६ डिसें., शनि.
निरोप आला. डॉनाचाच. वडील दोन दिवस स्वयंपाकघरात बसून तेवढंच ऐकतायत. काल फिडल काढलं, वाजवलं नाही, परत ठेवलं. उद्या सकाळी आमच्या वेळेला फोन करतील. पण बोलेन मी, म्हणते डॉना, ते नुसते शेजारी बसतील. त्यांना शब्द सापडत नाहीत.
घरात लगेच पंचायत. वसू म्हणतो, डॉनाशी मी बोलतो, अशा लोकांना कसं सांभाळून घ्यायचं मला ठाऊक आहे. चित्रा म्हणते, बाईमाणसाशी बाईनं बोलावें, मी बोलतें. मु. नुसती ओठ चावते, तिच्या आजोबांची सवय.
मामींचाही फोन आला. कार्यक्रमाची यादी छापायला द्यायची आहे, तुक्कड्याची जागा त्यांनी रिकामी सोडली आहे. दोन दिवस थांबते म्हणाल्या, जास्त नाही.
म्हातारा आहे, झोप नाही, हे मला कळतं. मी पण म्हातारीच आहे. दया येते. पण दया येते म्हणून दुसऱ्या म्हाताऱ्याला, जो मेलाय, त्याला परत पुरायचं का?
तर उद्याचं लिहून ठेवते आणि सगळ्यांना जेवताना वाचून दाखवणार आहे. फोन मुक्ता उचलेल. वसूनं त्या खोलीत यायचं नाही. चित्रानं तंजावर काढायचं नाही. मी बसेन, पण तोंड उघडणार नाही. तिकडून डॉना बोलायला लागली तर मुक्तानं नीट ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, आणि शेवटी एवढंच म्हणायचं, आता बाबांकडं द्या. लेकीनं बापाच्या वतीनं सांगायचं नाही, नातीनं हवेतून ओळखायचं नाही. नाव ज्याला ठाऊक आहे त्यानंच उत्तर द्यायचं. त्याच्या तोंडानं. दुसऱ्या कुणी नाही.